भूगोल घेऊन पुढे काय?

(बोनकोडे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी महाविद्यालयात भूगोल शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, भूगोल घेऊन मुलगी पुढे काय होणार?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. घर चालवणाऱ्याने तो विचारायलाच हवा. पण त्याच्या उत्तरावरच आम्ही वर्गात काय शिकवणार हे ठरत जाते, इकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

पूर्वी भूगोलाचे बरेच विद्यार्थी बी.एड. करून शिक्षक होत. आमचे शिकवणेही त्याच बेताचे असे. मग स्पर्धा परीक्षा आल्या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली आणि मुले चार पर्यायांतून एक निवडण्यापुरताच भूगोल मागू लागली. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे तोंडपाठ; पण समोच्च रेषा पाहून ओढा कोणीकडे वाहतो ते सांगा म्हटले की वर्ग गप्प! २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक उत्तरे आणि वैकल्पिक विषय आला, तेव्हा तीच मुले उत्तर लिहायचे कसे, हे विचारू लागली. परीक्षा वळली तसे आम्हीही वळलो. हे कबूल करताना संकोच वाटतो, पण खरे आहे.

आता ओढा संगणकावरील नकाशांकडे, म्हणजे जीआयएसकडे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरील निर्बंध सैल केले, त्यामुळे या कामाला वाव वाढला. हे चांगलेच झाले. मात्र बटणे दाबता येणे म्हणजे भूगोल येणे नव्हे.

आपल्या बोनकोड्याचेच पाहा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांभोवती नवे शहर उभे राहिले. जमीन सखल. म्हणून ठिकठिकाणी धारण तलाव ठेवले : भरतीला झडपा बंद, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. गाळाने तलाव उथळ झाला की पाणी रस्त्यावर येते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याने पुराचा नकाशा काढला तरी पालिकेला त्याचा काय उपयोग?

आणि इथेच आमची अडचण होते. क्षेत्रभेट ठरली की मुलगे येतात, मुलींच्या घरून निरोप येतो, "तेवढे सोडून बाकी सर्व शिकवा." मग नोकरीच्या मुलाखतीत जमिनीवरच्या कामाचा प्रश्न निघतो आणि हुशार मुलगी मागे पडते.

येत्या अमावास्येला आम्ही खाडीवर जाणार आहोत. भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. झडपा पाहायच्या, पाणी उतरू लागले की नोंदी घ्यायच्या आणि अंधार पडण्याच्या आत परतायचे. कुणा आईला सोबत यायचे असेल तर अवश्य यावे. संमतिपत्रे बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत.