दरवाजाचे चाळीस फोटो, स्वयंपाकघराचा एकही नाही

(महाड येथे तरुणांच्या छायाचित्रण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या वास्तूंचे फोटो कसे काढावेत, यावर मला बोलायचं आहे. पण आधी माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातल्या एका गावात, आमच्या लांबच्या नात्यातलं एक कौलारू घर पाडायचं ठरलं. मुलगा कुवेतला. त्याला त्याच जागी स्लॅबचं घर बांधायचं होतं. मला कळलं तसा मी कॅमेरा घेऊन गेलो. त्या घराचा सागवानी दरवाजा फार देखणा होता. चौकटीवर वेलबुट्टी, वर पितळी कडी. मी त्या दरवाजाचे चाळीस फोटो काढले. सकाळचे, दुपारचे, उघडा, बंद. घरातल्या दादी ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाळा, आत नाही येत? आम्ही राहतो आतच." मी हसलो, चहा घेतला आणि निघालो.

घर पडलं. दादीही पुढच्या वर्षी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. मग एका रात्री कुवेतहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "भाई, अम्मीच्या चुलीचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? ती जिथे बसायची तिथला?" माझ्याकडे दरवाजाचे चाळीस फोटो होते. स्वयंपाकघराचा एकही नव्हता. दादींचाही नव्हता.

तेव्हा मला कळलं, की मी घराचा फोटो काढलाच नव्हता. मी फक्त एक सुंदर वस्तू टिपली होती.

आता आपल्या भागाकडे बघू. इथे फोटो काढायला येणारे बहुतेक जण रायगडावर जातात. जायलाच हवं. तिथे जगदीश्वराच्या देवळाचा घुमट नीट बघा. लांबून पाहिलं तर मशिदीचा वाटावा असा. घुमट बांधायची विद्या कुठल्या एका धर्माची नसते, ती गवंड्याच्या हातात असते. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. महाडच्या अलीकडे, हायवेवरून दिसणारी गांधारपाले इथली बौद्ध लेणी आहेत. उमरठला तानाजी मालुसरेंची समाधी, पोलादपूरला 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी. हे सगळं आपलंही आहे. आपण याच सावित्रीच्या काठी वाढलो. तिथे कॅमेरा घेऊन जाताना अंग चोरायचं काही कारण नाही.

पण ज्या जागांना पाटी आहे, कुंपण आहे, त्यांचे फोटो हजारो लोक काढतात. रायगड तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मला काळजी आहे ती पाटी नसलेल्या जागांची.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर गावात हल्ला झाला, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची होती तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. फत्तेखानांचं नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. ज्या घरांनी त्या दिवशी दार उघडलं, ती घरं शोधायची असतील तर मोहल्ल्यामोहल्ल्यात जाऊन म्हाताऱ्यांनाच विचारावं लागेल. तेही लवकर.

लवकर का, ते महाडकरांना सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि माणसं गेली. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेलो असेन. माझ्याकडे त्याचा एक फोटो नव्हता. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळली, सोळा जण गेले. ती इमारत काही जुनीही नव्हती. आणि २२ जुलै २०२१. महाड पाण्याखाली गेलं, तळियेची वाडी दरडीखाली गेली, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. आमच्या घरात माळ्याच्या फळीपर्यंत पाणी चढलं. कपाटातले अल्बम चिखलाचे गोळे झाले. अब्बांच्या लग्नाचा एक फोटो वाचला, कारण तो माझ्या बहिणीने मोबाइलमध्ये काढून मुंबईच्या मावशीला पाठवला होता.

जे पुरातून वाचतं ते रस्त्यात जातं. हायवेच्या चौपदरीकरणात रस्त्याकाठची किती घरं, दुकानं, झाडं गेली, ते तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे. आणि जे रस्त्यातून वाचतं ते आपल्याच आखाती पैशाने पाडलं जातं. यात मी कुणाला दोष देत नाही. गळणाऱ्या कौलांखाली पावसाळा काढणाऱ्याला 'जुनं घर जप' असं सांगायचा मला हक्क नाही. त्याने घर बांधावं. पण पाडायच्या आदल्या दिवशी आपल्यातला कुणीतरी तिथे पोचलेला असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तिथे पोचल्यावर काय करायचं? मी जे करतो ते सांगतो. महागडा कॅमेरा लागत नाही, मोबाइल पुरतो.

पहिलं, विचारा. सलाम करा, बसा, कोणाचे कोण ते सांगा. कुणी नको म्हणालं तर तक्रार न करता परत या. घरातल्या बायकांना त्यांचा फोटो काढू का, हे त्यांनाच विचारा, त्यांच्या मुलाला नाही.

दुसरं, बाहेरून आत जा. चारही बाजू, मग ओटा, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, माळा, विहीर. प्रत्येक जागेचा एक फोटो लांबून, एक जवळून. फोन सरळ धरा, नाहीतर भिंती मागे पडताना दिसतात. दरवाजा किंवा कोनाडा टिपताना शेजारी फूटपट्टी ठेवा किंवा माणूस उभा करा, म्हणजे माप कळतं.

तिसरं, मशिदीत नमाजची वेळ टाळा, विश्वस्तांना आधी सांगा. कबरीवरची किंवा दगडावरची अक्षरं पुसट असतील तर त्यावर खडू, तेल, पीठ काही चोळू नका. दगड खराब होतो. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा जा, नाहीतर बाजूने टॉर्च धरा. सावलीमुळे अक्षरं आपोआप उठून दिसतात. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरायचा असेल तर आधी परवानगी काढा.

चौथं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. नाव लिहा. तारीख, गाव, मोहल्ला, घर कोणाचं, माहिती कोणी दिली. जमलं तर त्या माणसाला पाच मिनिटं बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. घर कोणी बांधलं, लाकूड कुठून आलं, पुराचं पाणी कुठवर चढलं होतं. नाव नसलेला फोटो पन्नास वर्षांनी फक्त कुठल्या तरी एका जुन्या घराचा फोटो असतो.

पाचवं, तीन ठिकाणी ठेवा. फोनमध्ये, दुसऱ्या गावातल्या कुणाकडे आणि इंटरनेटवर. घरमालकाला एक प्रत छापून द्या. सार्वजनिक वास्तूंचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येतात, ते कुणालाही मोफत वापरता येतात. घराच्या आतले फोटो मात्र घरच्यांच्या होकाराशिवाय कुठेही टाकू नका.

कुवेतच्या त्या भावाला मी शेवटी दरवाजाचाच एक फोटो पाठवला. त्याने तो मोठा करून पाहिला आणि परत फोन केला. दार अर्धं उघडं होतं. आत अंधारात, जमिनीवर, चुलीच्या उजेडाचा एक तुकडा पडलेला होता. तो म्हणाला, "दिसली रे." मला वाटतं त्याने माझ्यावर दया केली.

येत्या रविवारी प्रत्येकाने एकच घर निवडा. स्वतःच्या नानीचं असलं तरी चालेल. दहा फोटो, दहा नावं. सुरुवात चुलीपासून करा. दरवाजा शेवटी काढा.