चार्ज कुणाकडे द्यायचा?



सीमाभागातल्या मेळाव्याच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता वाहावी, अशी रीत आहे. ती चिंता मलाही आहे. भालकी तालुक्यात मराठी शाळेचा पट टिकवणं म्हणजे काय, ते मी नोकरीभर पाहिलंय. पण आज तुम्ही एका बाईला या खुर्चीवर बसवलंच आहे, तर पुरुषांच्या राज्यात नोकरी-मजुरी करणाऱ्या बाईची किंमत कशी होते, यावर बोलते.

सुरुवात आपल्याच घरातून करू. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा आपण 1878 पासून सांगतो. पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. त्यांच्यासाठी 1961चं ग्वाल्हेर उजाडावं लागलं. 2025 साली दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या, त्या सहाव्या. 98 संमेलनांत सहा! ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नाहीत, ‘युगान्त’वाल्या इरावती कर्वे नाहीत. बायका लिहीत नव्हत्या म्हणून असं झालं, हे कुणाला पटेल?

मी एका शाळेत होते. नाव सांगत नाही. मुख्याध्यापक रजेवर गेले की चार्ज माझ्या मागून नोकरीला लागलेल्या सरांकडे जायचा. विचारलं की ठरलेलं उत्तर, “बाई, शिक्षण खात्याच्या बीईओ ऑफिसच्या चकरा असतात, तुम्हाला कशाला त्रास?” बोलणं मायेचं होतं, म्हणून भांडताही येत नसे. स्वागतगीत बसवणं, रांगोळी, सत्काराचं ताट, वयात येणाऱ्या मुलींच्या अडचणी ही कामं मात्र त्रासात धरली जात नसत. शिक्षकदिनी शाल-श्रीफळ मिळे. शालीला माझी ना नाही, पण सेवाज्येष्ठता शालीत गुंडाळून ठेवता येत नाही.

हे आपल्या मातीला शोभत नाही. बसवकल्याण इथून फार लांब नाही. बाराव्या शतकात तिथल्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांच्या मेळ्यात, अक्कमहादेवी आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली, असं परंपरा सांगते. बाई आहे म्हणून प्रश्न सौम्य केले नाहीत. याच शरणांमधला, सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारा मारय्या एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा बायकोने, लक्कम्माने, त्याला ते परत ठेवायला लावले. नवऱ्याच्या कामातली चूक दाखवणाऱ्या त्या बाईची वचनं आजही तिच्याच नावावर आहेत.

आता जवळच्या सोलापूरचं. 13 मार्च 2023 रोजी रेल्वेचालक सुरेखा यादव यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. पेपरात फोटो आले, हार पडले, छान झालं. पण अनेक इंजिनांत शौचालय नाही, ही रेल्वेच्या महिला चालकांची जुनी तक्रार आहे. तिच्यामागे इतके फोटोवाले लागलेले दिसत नाहीत.

आणि ज्यांचा फोटोही कुणी काढत नाही, त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. आपल्या भागात कारखाने आहेत, ऊस आहे. तोडीला टोळी येते ती नवरा-बायकोच्या जोडीनं; हिशेबात ती जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेते, फळीवरून वर चढवते. पहाटे भाकरी तिनेच थापलेल्या असतात. पण उचल घेतो नवरा, अंगठा नवऱ्याचा, मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच. ती एकटी असली तर अर्धा कोयता. एक दिवस पडून राहिली की खाडा धरतात.

त्या खाड्याच्या धास्तीनं बायकांनी काय केलं, ते बीड जिल्ह्यात 2019 साली उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीपुढे आलेल्या पाहणीत 82 हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रिया होत्या. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. गरिबी, अज्ञान, डॉक्टरांची हाव, सगळंच त्यात आलं. तरी पाळीचे चार दिवस पगारातून कापणारी मजुरीची रीत मला सगळ्यांत मोठी गुन्हेगार वाटते.

कामाच्या जागी होणाऱ्या छळासाठी तरी कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, 2013 साली, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि घरकामाच्या बाईलाही तिथे दाद मागता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. आपल्या संस्थेच्या समितीत कोण आहे, हे इथे बसलेल्या किती शिक्षिकांना ठाऊक आहे? संस्थाचालक समोरच आहेत. चहाच्या वेळी विचारून घ्या.

बागायतदार बंधूही समोर आहेत. त्यांना एकच मागणं. येत्या हंगामात तुमच्या फडात टोळी उतरेल, तेव्हा मुकादमाची वही मागून घ्या. जोडीतल्या दोघांची नावं वेगळी लिहायला लावा, पैसे दोघांच्या खात्यांवर टाकायला सांगा, आणि फडाच्या कडेला बायकांसाठी आडोसा व पाणी तुम्ही स्वतः करून द्या. मुकादम कुरकुर करेल. ऊस तुमचा आहे, त्याला ऐकावं लागेल.