सासवडचे तारकुंडे



सासवड म्हटलं की सोपानदेवांची समाधी आठवते, आचार्य अत्रे आठवतात. त्याच गावात ३ जुलै १९०९ रोजी विठ्ठल महादेव तारकुंडे जन्मले, हे मात्र पटकन कुणाच्या ओठांवर येत नाही.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली केली, १९५७पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. न्यायमूर्तींचा गौरव करायचा तर त्यांचे निकाल सांगायची रीत आहे. मी ती आज मोडणार आहे. नागरी हक्कांसाठी तारकुंड्यांनी जे केलं, त्यातलं बहुतेक खुर्ची सोडल्यावरचं. निवृत्तीला अवकाश असतानाच, १९६९ साली, त्यांनी राजीनामा दिला. माजी न्यायमूर्तीला आपल्याच न्यायालयात पुन्हा वकिली करता येत नाही. मग साठीच्या घरात आलेला हा माणूस दिल्लीला गेला आणि सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून उभा राहिला.

इथे थोडं मागं जायला हवं. १९४२ साली तारकुंडे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात होते. देश ‘चले जाव’ म्हणत असताना रॉयवादी म्हणत होते, आधी फॅसिझमचा पराभव होऊ द्या. त्यापायी त्यांनी शिव्याशाप खाल्ले. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून भूमिगत झाले. अशी ही दोन टोकं. आणि १९७४ साली हेच दोघं मिळून ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ ही संस्था काढतात! जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांसाठी नेमलेली समितीही तारकुंड्यांचीच. मतदानाचं वय अठरावर आणा, असं तिनं १९७५ साली सुचवलं. ते व्हायला १९८९ उजाडलं.

मग आणीबाणी आली. स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. स्थानबद्धांच्या वकिलांत तारकुंडे होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते हरले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे राहिले. त्याच वर्षी, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघटना उभी राहिली. जयप्रकाश अध्यक्ष, तारकुंडे कार्याध्यक्ष. आज ती पीयूसीएल म्हणून ओळखली जाते.

१९७७ साली निवडणूक झाली, तुरुंगांची दारं उघडली, ओळखीची माणसं मंत्री झाली. दुसरा कुणी असता तर आता जरा टेकला असता. तारकुंडे आंध्रात गेले. आणीबाणीत पोलिसांच्या ‘चकमकीत’ मेलेले नक्षलवादी खरोखर चकमकीतच मेले का, हे शोधायला. नक्षलवाद्यांचा मार्ग त्यांना मुळीच मान्य नव्हता, बरं का. तरी त्यांच्या समितीनं लोकांच्या जबान्या घेतल्या आणि लिहिलं : या माणसांना आधी पकडलं होतं, मग मारलं. राज्य सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

तारकुंडे तेव्हा अडुसष्टीला टेकले होते. त्यानंतर ते आणखी सव्वीस वर्षं जगले.