मुशीत टाकण्याआधी

हुपरीत आमचा दिवस पैंजणाला घुंगरू जोडण्यात जातो. त्यामुळे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात गटानं गेलो, तेव्हा नजर आधी धातूकडेच गेली. तिथला ब्राँझचा रोमन समुद्रदेव एवढासाच, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत सापडलेला. त्याच टेकडीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९४५-४६ साली खोदकाम केलं. वस्तू मातीच्या कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, यावरून अभ्यासक तिचा काळ ठरवतात. सातवाहनांच्या वेळची वस्ती तशीच उमगली.

आणि आपण? आमच्यातल्या एकीच्या सासरी पाया खणताना जुनी नाणी निघाली, ती त्याच आठवड्यात मुशीत गेली. चांदी किती, तेवढंच कळलं. तर बायांनो, असं काही लागलं तर धुऊ नका, हलवू नका; आधी तलाठ्यांना कळवा.