प्राथमिक शाळेतील परीक्षा आणि आपली मुले
(पालकांपुढे केलेले भाषण)



आपली मुले प्राथमिक शाळेत जाऊ लागली आहेत. त्यांना चाचण्या द्याव्या लागतात, पुढे शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसावे लागते, आणि प्रगतिपुस्तक घरी येते. त्यातील आकडे कमी दिसले की पुष्कळ घरांतून एक वाक्य सहज उच्चारले जाते : "आमच्या पोराला डोकंच नाही." बोलणारा ते विसरून जातो, पण ज्या मुलाने ते ऐकले ते विसरत नाही. म्हणून परीक्षेचे गुण काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, याचा आज आपण शांतपणे विचार करू.

मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली प्रमाणित कसोटी आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने सिमों या सहकाऱ्यासह १९०५ साली पॅरिस येथे तयार केली. कोणत्या मुलास शाळेत अधिक साहाय्य हवे आहे, ते ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधीच न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिनेला मान्य नव्हते. परंतु हीच कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थ पालटला. मुलाला मिळालेले गुण म्हणजे त्याच्या वंशाची योग्यता, असे तेथील अनेक विद्वान मानू लागले. साहाय्य देण्यासाठी निर्माण झालेले साधन माणसांची प्रतवारी लावण्याच्या कामी आले.

याचा परिणाम काय झाला, ते कॅलिफोर्निया राज्यात दिसून आले. तेथील शाळांत निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय समाजाची मुले एकंदर विद्यार्थ्यांच्या सुमारे १० टक्के होती. पण मंदबुद्धी मुलांसाठी काढलेल्या वर्गांत त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. या वर्गांत शिकविणे अगदी थोडे असे, आणि एकदा तेथे गेलेले मूल पुन्हा इतरांच्या बरोबरीला येणे कठीण होई. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील काही प्राथमिक विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात फिर्याद दाखल झाली. त्यांच्याच समाजातील मानसशास्त्रज्ञांनी या मुलांची पुन्हा परीक्षा घेतली. त्यांनी प्रथम मुलांची भीती घालविली, प्रश्न त्यांच्या परिचयाच्या भाषेत विचारले, आणि उत्तर ठराविक साच्याचे नसले तरी त्यातील समज ओळखून गुण दिले. तेव्हा ती सर्व मुले मंदबुद्धी ठरविण्याच्या मर्यादेच्या वर आली! १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी, अशा कसोट्यांच्या आधारे या मुलांना त्या वर्गांत टाकणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय दिला.

आपण म्हणाल, ही दूरदेशीची गोष्ट झाली. तर आपल्याच देशातील पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००६ साली एका अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सवर्ण म्हणविणाऱ्या जातींचे ३२१ आणि चांभार जातीचे ३२१ मुलगे त्यांनी घेतले व त्यांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली. जातीचा उच्चार झाला नाही, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. परंतु सर्वांसमक्ष नावाबरोबर जात पुकारली गेली, तेव्हा मोठी तफावत पडली. कोडी तीच होती आणि मुलेही तशाच घरांतली, त्याच वयाची होती. मग ही तफावत कोठून आली? जातीच्या उच्चाराने मुलाचे अवसान गेले, याखेरीज दुसरे उत्तर मला दिसत नाही.

आणखी एक प्रयोग रेमा हॅना व ली लिंडन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर खऱ्या नावाऐवजी वाटेल ती जात लिहून त्या शिक्षकांकडे तपासावयास दिल्या. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे कमी गुण मुख्यतः त्याच खालच्या मानलेल्या जातींतील परीक्षकांनी दिले होते! दुसऱ्याने लादलेला कमीपणा माणूस स्वतःच खरा मानू लागतो, त्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाल्याचे चरित्रग्रंथांत नमूद आहे. त्या आकड्यावरून त्यांची योग्यता कोणी ठरविली असती, तर तो केवढा घोर अन्याय झाला असता!

याचा अर्थ परीक्षा नकोत, असा मात्र नव्हे. परीक्षाच नसेल, तर चौथीतील मुलाला वाचता येत नाही, हे कोणास कळणार? न शिकविणाऱ्या शाळेला तर तेच हवे असते. ताप मोजणारी नळी फोडून ताप उतरत नाही. कमी गुण आले म्हणजे मुलाला काहीतरी शिकविण्याचे राहून गेले आहे, असे समजावे आणि ते काय आहे याचा शोध घ्यावा.

हा शोध घेण्याचा हक्क आपणास कायद्याने दिला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २४ वे कलम शिक्षकावर कर्तव्य घालते, की त्याने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावे, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगावी. याच कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. या समितीत जाऊन बसा. मजुरी बुडेल म्हणून सभा टाळू नका. एका घराला शक्य नसेल, तर वस्तीतील चार घरांनी पाळीपाळीने जावे. शिक्षकाला नम्रपणे पण ठामपणे विचारा : "गुरुजी, माझ्या मुलीला भागाकार का येत नाही, आणि त्यासाठी आपण काय करणार आहात?"

घरीही काही करता येईल. रोज अर्धा तास मुलाला मोठ्याने वाचावयास सांगा. स्वतःला अक्षरओळख नसली तरी जवळ बसून ऐका. परीक्षेच्या आधी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, म्हणजे अनोळखी कागदाची भीती जाईल. मुलीला घरकामासाठी परीक्षेच्या दिवशी घरी ठेवू नका. आणि शेजारच्या मुलाशी तुलना करण्याऐवजी, मागच्या चाचणीपेक्षा आपले मूल किती पुढे आले, तेवढे पाहा.

जन्मावरून माणसाची योग्यता ठरते, हा विचार आपण धर्मांतराच्या वेळी सोडला. "आपल्यात डोकं नसतंच," या वाक्याच्या रूपाने तो पुन्हा आपल्या घरात शिरू देऊ नका. प्रगतिपुस्तकात आकडा कोणताही असो, तो वाचून झाल्यावर मुलाला जवळ बसवून एवढेच म्हणा : "यातलं तुला काय कळलं नाही, ते मला दाखव."