बरे झाल्यानंतरचे आयुष्य



कर्करोग हा शब्द उच्चारला की सभेत एक प्रकारची शांतता पसरते. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की आज मला त्या रोगाविषयी फारसे बोलायचे नाही. ज्यांना तो लहानपणी झाला, जे त्यातून बरे झाले, आणि जे आज पंचवीस, तीस, चाळीस वर्षांचे होऊन तुमच्याआमच्यांत वावरत आहेत, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. कोणी शेवगावच्या शाळेत मास्तर असेल, कोणी कोपरगावच्या कारखान्यात कारकून असेल, कोणी लग्न होऊन पारनेरच्या एखाद्या वाडीत नांदत असेल. त्यांच्या कपाळावर काही लिहिलेले नसते. पुष्कळदा शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि खुद्द त्यांनाही आपल्याला नक्की काय झाले होते व कोणते औषध दिले होते, हे सांगता येत नाही. हे न सांगता येणे त्यांच्या प्रकृतीला कसे घातक ठरते आणि त्यावर आपण काय करू शकतो, एवढाच आजचा विषय आहे.

असा माणूस आपल्या समाजात पूर्वी नव्हताच. रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायचे. हे चित्र पालटण्याच्या कथेत आपल्या मुंबईचाही थोडा वाटा आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज बाई मुंबईस आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. रक्तपेशी वाढायला ते लागते, तर त्याच्या नेमके उलट काम करणारे औषध रक्तातल्या उन्मत्त पेशींना रोखील काय? अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ साली हा प्रयोग केला. त्यासाठी लागलेली द्रव्ये डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून तिकडे गेलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून आली. मुले काही काळापुरती का होईना, उठून बसली. पुढे आपल्या परसात, देवळाच्या आवारात फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टीन हे औषध निघाले आणि १९६३ साली अमेरिकेत ते वापरात आले. येथे एक इशारा देऊन ठेवतो. सदाफुलीचा पाला खाऊन कोणाचा कर्करोग बरा होत नाही. ती वनस्पती विषारी आहे. औषध हे मोजून, शुद्ध करून, शिरेतून दिलेले असते.

आपल्याकडे परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉ. सुरेश अडवाणी यांनी परदेशी तज्ज्ञांच्या साह्याने १९८४ च्या सुमारास मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एक ठरावीक उपचारपद्धती सुरू केली. हे डॉक्टर स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारे. मुंबई, मद्रास आणि दिल्ली या ठिकाणी ती पद्धती वापरल्यावर, पूर्वी शेकडा वीस मुलेही रोगमुक्त राहत नसत तेथे चार वर्षांनंतर शेकडा ४५ ते ६० राहू लागली. त्या वेळची सहा-सात वर्षांची मुले आज चाळिशीच्या पुढे गेली आहेत.

आता प्रश्न असा की एकदा बरे झाल्यावर पुन्हा चिंता कसली? उभ्या पिकातले दाट तण काढताना जवळच्या रोपांच्या मुळांनाही धक्का बसतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कर्करोगाची औषधे आणि किरण हे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. आणि मूल म्हणजे तर वाढच! त्याची हाडे वाढत असतात, मेंदू घडत असतो, ग्रंथी पुढच्या आयुष्याची तयारी करीत असतात. त्या धक्क्याची खूण त्या वेळी दिसत नाही. दहा, वीस, तीस वर्षांनी दिसते.

अमेरिका व कॅनडा येथील हजारो माणसांचा असा दीर्घ अभ्यास १९९४ पासून चालू आहे. १९७० ते १९८६ या काळात ज्यांना लहानपणी कर्करोग झाला, अशा १०,३९७ माणसांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सत्तावीसही नव्हते. तरीही शेकडा ६२ जणांना प्रकृतीची निदान एक कायमची तक्रार होती, आणि शेकडा २७ जणांची तक्रार गंभीर स्वरूपाची होती. त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना करता गंभीर तक्रारींचा संभव आठपट भरला.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. कारण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू २०१६ साली पुढे आली. रोगाचे निदान होऊन पाच वर्षे जगलेल्यांपैकी पुढील पंधरा वर्षांत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत शेकडा १२.४ होते, १९९० नंतर उपचार घेतलेल्यांत ते ६ वर आले. मागाहून काय त्रास होतो हे कळल्यावर डॉक्टरांनी शक्य तेथे किरणांची मात्रा कमी केली, औषधे जपून दिली, आणि बरे झालेल्यांवर नजर ठेवली. याचा अर्थ उघड आहे. हे त्रास पुष्कळ अंशी टाळता येतात, लवकर पकडता येतात, सुसह्य करता येतात. अट एकच, ती म्हणजे मागे काय घडले हे माहीत असले पाहिजे.

काही उदाहरणे देतो. लाल रंगाचे एक औषध असते, डॉक्सोरुबिसिन. ते आणि त्याच्या जातीची औषधे अत्यंत गुणकारी. परंतु एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू दुबळा करणारी. शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळालेल्यांना धोका विशेष. हा दुबळेपणा वर्षानुवर्षे मुका राहतो आणि बाळंतपणासारखा ताण आला की प्रकट होतो. इको नावाच्या साध्या, न दुखणाऱ्या तपासणीने तो आधी कळू शकतो. मानेवर किरण दिले असतील तर थायरॉईडची ग्रंथी मंदावते. रक्ताची एक तपासणी आणि रोजची एक गोळी यांनी काम भागते. छातीवर किरण घेतलेल्या मुलीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका तरुणपणीच असतो. म्हणून वयाच्या पंचविशीपासून किंवा किरणांनंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे मागाहून येईल तेव्हापासून, दरवर्षी तपासणी सांगितली आहे. सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येते आणि मास्तर म्हणतात, मुलगा लक्ष देत नाही. डोक्यावरच्या किरणांनी उंची खुंटते, गणित जड जाते. स्टेरॉइडने खुब्याचे हाड झिजते. काही औषधांनी अपत्यप्राप्तीस अडचण येते. पूर्वीच्या काळी रक्त चढवताना यकृताच्या काविळीचे विषाणूही कोणाकोणाच्या अंगात शिरले. आणि तंबाखू, जी कोणालाच भली नाही, ती या माणसांना दुप्पट वैरी आहे.

हे सर्व ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग तपासण्या करून घ्याव्यात, अडचण कोठे आहे? अडचण घराच्या उंबरठ्याच्या आत आहे. समजा, आपल्या जिल्ह्यातील एक मुलगी सहाव्या वर्षी परळला बरी झाली. आईबापांनी जनावर विकले, नातेवाइकांकडे राहून, फूटपाथवर निजून उपचार पुरे केले. मुलगी घरी आली. दोनतीन वर्षे फेऱ्या झाल्या, मग थांबल्या. मुलगी वयात येऊ लागली तशी आईने ती जाडजूड फाईल पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली, किंवा चुलीत घातली. का? तर सोयरीक मोडेल. पुढे लग्न झाले, दिवस राहिले, जिना चढताना धाप लागू लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, पूर्वी काही आजार? तिने सासूकडे पाहिले आणि म्हणाली, काही नाही. डॉक्टरांनी रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. येथे चूक कोणाची म्हणावी? डॉक्टरला माहीत नाही, मुलीला बोलता येत नाही, आणि आईने जे केले ते मायेपोटी केले. परंतु त्या मायेने ज्या हृदयाला जपायचे त्यालाच उघड्यावर टाकले.

म्हणून सोयरिकीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कर्करोग हा स्पर्शाने होत नाही. बरे झालेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांना मुलेबाळे होतात, आणि आईने किंवा बापाने लहानपणी औषधे घेतली म्हणून त्या मुलांत व्यंगाचे प्रमाण वाढल्याचे मोठमोठ्या अभ्यासांत आढळलेले नाही. अपवाद आहेत ते आनुवंशिक प्रकारांचे. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, हा काही कुटुंबांत वारशाने येतो. तसा असेल तर अपत्याला तो वारसा मिळण्याचा संभव निम्मा असतो. पण तेथेही लपवण्याने अनर्थ आणि सांगण्याने बचाव, हाच न्याय आहे. कारण जन्मल्यापासून डोळे तपासत राहिले तर रोग लहान असतानाच सापडतो आणि दृष्टीही वाचू शकते.

टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली उपचार पूर्ण झालेल्यांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. तेथे रोगाची नव्हे तर बरे झालेल्या माणसाची विचारपूस होते. वाढ, हृदय, शिक्षण, लग्न, नोकरी, सर्वांची. २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने बरे झालेल्या तरुणांनी आपली मंडळी जमवली आणि तिला नाव दिले 'उगम'. रतनगडाच्या कुशीत प्रवरेचा उगम पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. रोग जेथे संपला तेथून आयुष्य वाहू लागते, असा तो अर्थ आहे.

परंतु अकोल्याच्या डोंगरातून किंवा पाथर्डीच्या माळावरून दरवर्षी परळ गाठायचे म्हणजे मजुरी बुडते, भाडे पडते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा तर ठावठिकाणाच नसतो. म्हणून हे काम पुष्कळसे येथेच झाले पाहिजे. रक्तदाब, थायरॉईड, इको या तपासण्यांसाठी मुंबईच लागते असे नाही. आणि आरोग्याचे काम खेड्यातल्या माणसांना करता येते, याचा दाखला आपल्याच जामखेडने जगाला दिला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून तेथे अक्षरशत्रू बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. कुष्ठरोग्याला वेगळे न काढता सर्वांबरोबर उपचार दिले. जामखेडच्या शेजारच्या बार्शीस १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. तेथेही गावोगाव जाऊन, माणसांशी बोलून हे काम झाले. ज्या भागात हे घडले, त्या भागातल्या आशाताईने आपल्या गावात लहानपणी कर्करोगातून उठलेले कोण आहे हे जाणावे, त्याची गुप्तता राखावी आणि वर्षातून एकदा तपासणीची आठवण द्यावी, ही काही अशक्य मागणी नाही.

शेवटी चार गोष्टी. ज्या घरात असे मूल आहे त्यांनी फाईल सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी जपावी. रोगाचे नाव, औषधांची नावे व एकूण मात्रा, किरण कोठे व किती दिले, एवढे एका कागदावर उतरवून घ्यावे. फाईल हरवली असेल तर जेथे उपचार झाले तेथे नोंदणी क्रमांक किंवा निदान नाव आणि साल सांगून विचारावे. दुसरे, मूल पंधरासोळा वर्षांचे झाले की तो कागद त्याच्या हाती द्यावा; तो त्याच्या शरीराचा इतिहास आहे आणि त्याच्यावर पहिला हक्क त्याचा आहे. तिसरे, गावातल्या डॉक्टरांनी तरुण रोग्यालाही विचारावे, लहानपणी मोठे उपचार झाले होते काय. आणि तेही सासू किंवा नवरा जवळ नसताना विचारावे. चौथी गोष्ट तुमच्याआमच्यासाठी. मुलगी पाहायला गेल्यावर असे काही समोर आले तर पावले मागे घेण्यापूर्वी एवढा विचार करा की जो माणूस सहाव्या वर्षी मरणाला परतवून आला, त्याच्या घरच्यांना खरे सांगण्याची भीती आपण घातली आहे. ती काढून घेणे आपल्याच हाती आहे. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि ती गेल्यावाचून बाकीच्या तपासण्या सुरूच होत नाहीत.