कोड दिला, मालकी कोणाची?



मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला मालक नसतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्याच्या प्रत्येक ओळीचा कॉपीराइट कोणाकडे तरी असतो. त्या मालकाने इतरांना वापराची, बदलाची आणि वाटपाची अनुज्ञा दिलेली असते, इतकेच. म्हणून एखादा तरुण अशा प्रकल्पाला आपला कोड देऊ करतो तेव्हा अनेकदा एक करारपत्र त्याच्यापुढे येते, आणि तो ते न वाचताच मान्य करतो. देवस्थानाच्या देणगीची पावती मात्र घरोघरी जपून ठेवली जाते!

करारपत्रांत फरक असतो. अपाची फाउंडेशनच्या करारात कॉपीराइट लेखकाकडेच राहतो. संस्थेला मिळते ती कायमची, परत न घेता येणारी परवानगी. लिनक्सच्या कर्नलमध्ये तर करारच नाही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि आपला कोड लिनक्समध्ये शिरल्याचा आरोप केला. त्यानंतर २००४ पासून, हा कोड देण्याचा आपणांस अधिकार आहे, अशा अर्थाच्या प्रतिज्ञेखाली योगदान देणारा नाव घालतो. मालकी हलत नाही, जबाबदारी मात्र नावानिशी नोंदली जाते.

परवानगी किती दूरवर पोहोचते, हे ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. हाशिकॉर्पने टेराफॉर्मच्या पुढील आवृत्त्या मुक्त परवान्यातून काढून व्यापारी वापरावर बंधने असलेल्या परवान्याखाली आणल्या. बाहेरच्यांनी लिहिलेला कोडही त्यांत होता. पण करारात आधीच विस्तृत अनुज्ञा दिलेली असल्याने त्यांची पुन्हा संमती घेण्याचे कारण उरले नाही. जुनी आवृत्ती मुक्तच राहिली, आणि तिच्यावरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभा राहिला.

भारतीय कायदा येथे अधिक बारकाईने पाहावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १९ नुसार मालकी लेखी आणि सहीनेच हस्तांतरित होते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे धरले जाते. परदेशी करारांतील ‘कायमचा’ आणि ‘जगभर’ हे शब्द त्यामुळे शोभेचे नव्हेत. कलम १७ त्याहून महत्त्वाचे. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. दिवसा कंपनीत आणि रात्री प्रकल्पासाठी लिहिणाऱ्या अभियंत्याने सही करण्यापूर्वी आपले नियुक्तिपत्र उघडून पाहिलेले बरे. जे आपले नाही ते दान करता येत नाही. अपाची कंपन्यांसाठी निराळे करारपत्र ठेवते, ते याच कारणाने.

शाळकरी मुलांचा प्रश्न याहून सरळ आहे. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, मग त्याचा कोड कितीही सुरेख असो. १८ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा कोड हा प्रकल्प कसा स्वीकारतो आणि पालकांची सही कोठे लागते, हे पालकांनी प्रकल्पाच्या चालकांना आधीच लेखी विचारावे.